जॅझ कुठून ऐकायला घ्यावं? (आणि पार्कर मला का झेपत नाही?)

विलंबित (शनिवार, रात्री ९:४०)

लोकहो, मदत हवी आहे.

आमची कन्या (इयत्ता नववी) गेल्या दिवाळीपासून सॅक्सोफोन शिकते. का, ते विचारू नका. आम्ही गिटार म्हणालो होतो. सोसायटीच्या ग्रुपवर 'तिसऱ्या मजल्यावर कोणी जनावर पाळलंय का?' अशी सभ्य विचारणाही येऊन गेली आहे.

तर तिच्या सरांनी तिला चार्ली पार्कर ऐकायला सांगितला. बापाने सोबत करावी म्हणून मीही बसलो. चाळीस वर्षं ख्याल ऐकतोय, तबला थोडाफार हाताखालून गेलाय, म्हटलं जमेल. 'कोको' नावाचा तुकडा लावला. जेमतेम तीन मिनिटांचा. सुरू झाला कधी, संपला कधी, सम कुठे होती, काही कळलं नाही. धावत्या लोकलमधून स्टेशनची पाटी वाचायचा प्रयत्न करावा तसं झालं.

मग थोडं वाचलं. न्यू ऑर्लिन्स, स्विंग, बीबॉप, कूल, हार्ड बॉप, मोडल, फ्री, फ्यूजन अशी यादी सगळीकडे दिसते. माझे दोन प्रश्न:

१. हे सगळं क्रमाने ऐकायचं का?
२. ही आपल्यासारखी घराणी आहेत, की पायऱ्या? मला पायऱ्या वाटतात. आधीचं सोपं, पुढचं अवघड. चूक असेल तर झोडा.

पोह्यांवर_लिंबू (९:५२)

आधी कापसाचे बोळे. मग जॅझ.

ठेकेदार (१०:३१)

विलंबितराव, तुम्ही एकदम द्रुत तराण्यालाच हात घातलात. पार्कर बाजूला ठेवा.

लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' लावा. शिकागो, २८ जून १९२८. सुरुवातीला पंधरा सेकंदांच्या आत एकटा ट्रम्पेट. साथ नाही, ठेका नाही. आपल्याकडे गवई बंदिशीआधी दोन-तीन आलापांतच 'आज गळा लागलाय' हे सांगून टाकतो ना, तसं. त्यानंतर बारा बारचं ब्लूजचं चक्र सुरू होतं. चार मात्रांचा एक बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. हे मोजता येतं, कारण लय सावकाश आहे. शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग एक वरचा सूर धरतो आणि चार बार सोडतच नाही. तिथे तुमची दाद आपोआप जाईल.

आणि 'आधीचं सोपं' हे डोक्यातून काढा. पियानोवर अर्ल हाइन्स आहे, त्याचा डावा हात ऐका आणि मग बोलू.

अवांतर: १९२३ मध्ये आर्मस्ट्राँग किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायचा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, सगळ्यांनी एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं. याचा आवाज इतका दांडगा की त्याला बाकीच्यांच्या बराच मागे उभं केलं, अशी गोष्ट सांगतात. मोठा ड्रम मारला तर सुई उडायची, म्हणून ड्रमरला लाकडी ठोकळ्यांवर काम भागवावं लागे. त्यामुळे त्या तबकड्या ऐकून 'तेव्हाचे ड्रमर साधेच वाजवायचे' असं ठरवू नका.

मिरजेची_सतार (१०:४८)

घराणी मुळीच नाहीत. घराण्यात गुरू असतो, तालीम असते, वर्षानुवर्षं एकाच घरची गायकी गळ्यात मुरवायची असते. इथे एकच माणूस पंचवीस वर्षांत तीनदा कूस बदलतो. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस पहा. १९४५ मध्ये पार्करच्या शेजारी बीबॉप वाजवतोय. १९४९-५० मध्ये नऊ जणांचा ताफा घेऊन 'कूल' म्हणून जे ओळखलं गेलं ते करतोय. १९५९ मध्ये मोडल, १९७० मध्ये विजेची वाद्यं घेऊन 'बिचेस ब्रू'. आपल्याकडे असं केलं असतं तर गुरूने घराबाहेर काढलं असतं.

कट्ट्यावरचा_गण्या (१०:५५)

नववीतली मुलगी आणि सॅक्सोफोन, वा! आमच्या गावी वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ते गळ्यात अडकवायचं मोठं भोंगं असायचं. जॅझ म्हणजे त्याचाच भाऊ ना?

शिकागोचा_शंकऱ्या (११:२०)

गण्या, तू गंमत करतोयस पण अगदी लांबचं बोलला नाहीस. न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रास बँड होतेच. फक्त तिथे वरातीपेक्षा अंत्ययात्रा जास्त गाजल्या. दफनभूमीकडे जाताना संथ भजनं, परत येताना त्याच वाद्यांवर नाचायला लावणारी गाणी, आणि मागून रस्त्यावरचे लोक ठेका धरत सामील.

आता पायऱ्यांबद्दल. इथे शिकागोत राहतो म्हणून एक जुनी थाप आधी मोडतो. '१९१७ मध्ये स्टोरीव्हिल ही वेश्यावस्ती बंद झाली आणि जॅझ मिसिसिपीतून बोटीने वर शिकागोला आलं' असं सर्रास लिहितात. मिसिसिपी शिकागोला येतच नाही! आगगाडी येते. दक्षिणेतली दहशत आणि गरिबी सोडून लाखो कृष्णवर्णीय माणसं कारखान्यांतल्या कामासाठी उत्तरेला आली, त्यांच्याबरोबर त्यांचे वाजवणारेही आले. आर्मस्ट्राँग १९२२ च्या ऑगस्टमध्ये आला तो आईने बांधून दिलेलं माशाचं सँडविच घेऊन, आगगाडीनेच.

प्रत्येक 'शैली'मागे असं काहीतरी रोकडं कारण असतं. बीबॉपच घ्या. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस नावाच्या जागी रात्री उशिरा मंडळी जमायची. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रमवर केनी क्लार्क. डिझी गिलेस्पी, पार्कर येऊन वाजवायचे. दिवसा मोठ्या बँडात लोकांच्या नाचासाठी तेच ते वाजवून कंटाळलेली माणसं रात्री एकमेकांसाठी वाजवत होती. त्यात १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली. मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. म्हणजे हे बाळ घरातल्या घरात वाढत होतं आणि बाहेर कोणाला त्याचे फोटोच मिळाले नाहीत. एकदम 'कोको' आलं, २६ नोव्हेंबर १९४५, आणि लोकांची तुमच्यासारखीच गत झाली. वर १९४४ मध्ये नाच-गाणं असलेल्या जागांवर सरकारने तीस टक्के कर बसवला (पुढे तो वीस केला). नुसती वाद्यं, नाच नाही, तर कर नाही. मालकांनी नाचाची जागा काढून खुर्च्या टाकल्या.

लोक बसले की संगीत बदलतं. यात पायरी कुठे आली?

सहज_सुचलं (११:३३)

उत्स्फूर्त विस्तार, तालाचं चक्र, सवाल-जवाब... हे सगळं मूळ आपलंच आहे. पाश्चात्त्यांनी उचललं आणि नाव जॅझ दिलं. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनने तर 'इंडिया' नावाचाच तुकडा वाजवलाय.

ठेकेदार (११:४१)

कोल्ट्रेनचं 'इंडिया' नोव्हेंबर १९६१ चं. तोवर न्यू ऑर्लिन्सवाले म्हातारे झाले होते. त्याने रविशंकर ऐकले, त्यांना भेटला, मुलाचं नावही रवी ठेवलं, हे खरंच. पण तो शिकायला आला होता, चोरायला नाही. आणि मूळ म्हणाल तर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची लय, शेतातल्या हाका, चर्चमधली गाणी, कॅरिबियन नाच, फ्रेंच-स्पॅनिश बंदराचं गाव. यात आपण नव्हतो.

पोह्यांवर_लिंबू (११:४३)

पुष्पक विमानात सॅक्सोफोन ठेवायला जागा होती म्हणतात.

शिकागोचा_शंकऱ्या (११:४५)

@लिंबू, हसून हसून पुरेवाट. सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ चं, बेल्जियमच्या आडॉल्फ साक्सचं. विमान तोवर उतरलं होतं.

नावात_काय (रविवार, सकाळी ८:१०)

मूळ आपलं नसेल, पण सोयरीक जुनी आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईत ताजमध्ये वाजवायला आला. ते ऐकून आमचे गोंयकार पेटले. आमच्याकडे चर्चच्या शाळेत मेस्त पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवणार अशी फौज तयारच होती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला, ट्रम्पेट वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरलं. 'अलबेला'तल्या गाण्यांत जे ट्रम्पेट आणि बोंगो उसळतात ना, तिथे तो आहे. पडद्यावरसुद्धा त्याचा बँड दिसतो.

तेव्हा विलंबितभाऊ, स्विंग तुम्ही लहानपणीच ऐकलंय. रेडिओवर. फक्त भगवानदादांकडे बघत होता.

चष्मिष्ट (८:५५)

दोन दिवस नुसते बुवा चाललेत. मी दोन बायका आणते.

लिल हार्डिन: किंग ऑलिव्हरच्या बँडची पियानिस्ट. आर्मस्ट्राँगशी १९२४ मध्ये लग्न केलं आणि 'दुसऱ्याच्या मागे उभं राहून दुसरा कॉर्नेट किती दिवस वाजवणार?' म्हणून त्याला ऑलिव्हरकडून हलवला, न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनकडे धाडला. आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह बँडच्या ज्या तबकड्यांवर सगळे जीव टाकतात, त्यातल्या पहिल्या खेपेला पियानोवर तीच आहे. पुढे घटस्फोट झाला. जुलै १९७१ मध्ये तो गेला, आणि ऑगस्टमध्ये शिकागोत त्याच्या स्मृतीच्या कार्यक्रमात वाजवता वाजवता ती पियानोवरच कोसळली आणि गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

मेरी लू विल्यम्स: कॅन्सस सिटीच्या स्विंग बँडची पियानिस्ट आणि अरेंजर. चाळीसच्या दशकात हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, बड पॉवेल, डिझी पहाटेपर्यंत पियानोभोवती बसायचे. वर कोणीतरी बीबॉपचं बाळ घरात वाढल्याचं लिहिलंय. मग ते घर कोणाचं, तेही लिहा.

मिरजेची_सतार (९:०२)

+१. आणि चष्मिष्ट, लिल हार्डिनवर वेगळा लेख लिहा. इथे चार ओळींत उरकू नका.

विलंबित (दुपारी १:१५)

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

'वेस्ट एंड ब्लूज' सहा वेळा ऐकलं. दुसऱ्या खेपेला अठ्ठेचाळीस मात्रा हातावर सापडल्या. तो लांबवलेला सूर आला तेव्हा 'क्या बात है' तोंडातून निघालं आणि कन्येने खोलीतून 'बाबा, हळू' म्हटलं. सॅक्सोफोनवाली मला हळू म्हणते.

पण पार्कर अजून गळ्याखाली उतरत नाही. चक्र कुठे आहे त्यात?

ठेकेदार (२:४०)

चक्र आहे, तुम्ही चालीत शोधताय म्हणून दिसत नाही.

जुन्या नाट्यपदांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल: अमुक' छापलेलं असतं. चाल जुनी, शब्द नवे. बीबॉपवाल्यांनी उलटं केलं. लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्याच्या खालचा कॉर्ड्सचा (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांचा) सांगाडा ठेवला आणि वरची चाल फेकून दिली. 'कोको'खाली 'चेरोकी' नावाचं स्विंगच्या जमान्यातलं गाणं आहे. रेकॉर्डिंगच्या एका फसलेल्या टेकमध्ये ते 'चेरोकी'ची चाल वाजवायलाच लागतात आणि मध्येच थांबवलं जातं, हे आजही ऐकायला मिळतं. यात पैशाचाही भाग होता. चालीवर हक्क असतो, कॉर्ड्सवर नसतो. नवी चाल केली की रॉयल्टी द्यावी लागत नाही.

तेव्हा करायचं काय? आधी 'चेरोकी' कोणाचंही साधं ऐका, गुणगुणता येईपर्यंत. मग 'कोको' लावा आणि मनात 'चेरोकी' म्हणत रहा. पार्कर वर काहीही करो, तुम्ही आपलं गाणं सोडू नका. सापडेल.

दुसरं, तुम्ही ठेका मोठ्या ड्रमवर शोधत असाल. केनी क्लार्कने तो तिथून उचलला आणि वरच्या झांजेवर नेला. ती सतत चालू असते, टिंग टिंगटि-टिंग. पायाखालचा ड्रम मोकळा झाला, तो आता मध्येच सुरुंग उडवतो. तबल्यात सांगायचं तर डग्गा ठेक्यातून सुटला आणि फक्त जागा घ्यायला लागला.

आणि टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. पहिलीवर नाही! १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेला रंगभवनात मी पहिल्या मात्रेवर मनापासून टाळ्या देत होतो. शेजारच्या बांद्र्याच्या काकांनी काही न बोलता माझा हात धरला आणि अर्धा बार पकडून ठेवला.

कट्ट्यावरचा_गण्या (२:४४)

:D :D काकांना दंडवत.

साडेमाडेतीन (३:२०)

तालवाल्यांनी डेव्ह ब्रुबेकचं 'टेक फाइव्ह' घ्यावं. पाच मात्रा, तीन-दोन. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे नुसता उलटा. गोऱ्यांना १९५९ मध्ये पाच मात्रांचं केवढं कौतुक!

मिरजेची_सतार (३:३८)

पाच मोजता येण्याचं कौतुक नव्हतं हो. पाचात झुलवलं याचं होतं. बाकी ती चाल ब्रुबेकची नाही, त्याच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची. ब्रुबेक १९५८ मध्ये अमेरिकी सरकारच्या खर्चाने तुर्कस्तान, भारत असा फिरून गेला होता. त्याच तबकडीवरचं दोन-दोन-दोन-तीन असं नऊचं वजन त्याने तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून उचललं.

विलंबितराव, ख्यालाच्या कानाला दार उघडायचं तर माझ्या मते माइल्सचं १९५९ चंच 'काइंड ऑफ ब्लू', मोडल म्हणतात ते. पहिला तुकडा, 'सो व्हॉट'. आधी पियानो आणि बास थोडं चाचपडतात, मग बास प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. बत्तीस बार: आठ, आठ, आठ, आठ. पहिले सोळा बार एकाच जागी, कॉर्ड्सची धावपळ नाही. सूर लावून पहा: आपला काफी थाट. मधल्या तिसऱ्या आठात अख्खा षड्ज अर्ध्या सुराने वर सरकतो, थाट तोच, आणि चौथ्या आठात परत खाली. आपल्याकडे तानपुरा मध्येच अर्धा सूर चढला तर मैफल मोडेल. इथे ती गंमत आहे. माइल्स दोन आवर्तनं घेतो आणि त्यात जेवढं वाजवतो त्याहून जास्त सोडतो.

सहज_सुचलं (३:४५)

बघा! काफी थाट! म्हणजे शेवटी रागच.

मिरजेची_सतार (३:५१)

थाट म्हणजे राग नव्हे, हे तुम्हाला सांगावं लागतंय? चलन नाही, वादी-संवादी नाही, पकड नाही. काफी थाटात भीमपलास आहे आणि बागेश्रीही. सूर सारखे म्हणून दोन्ही एक होतात का?

सहज_सुचलं (३:५३)

बरं.

शिकागोचा_शंकऱ्या (संध्याकाळी ७:०५)

१९५९ वर आलोच आहोत तर पायऱ्यांच्या सिद्धांताला शेवटचा खिळा. त्या एका वर्षात 'काइंड ऑफ ब्लू', 'टेक फाइव्ह', कोल्ट्रेनचं कॉर्ड्सवर कॉर्ड्स रचलेलं 'जायंट स्टेप्स', मिंगसचं चर्चमधून आल्यासारखं 'मिंगस आह उम', आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉटमध्ये ऑर्नेट कोलमन प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन कॉर्ड्सच नाकारतोय. सगळं एकाच वेळी, दोन-चार मैलांच्या अंतरात. कोल्ट्रेन तर पहिल्यातही आहे आणि तिसऱ्यातही. आर्ट ब्लेकी आपला हार्ड बॉप ठोकतोच आहे, आर्मस्ट्राँग जगभर फिरतोय आणि एलिंग्टनचा बँड चालू आहे.

एलिंग्टनला कुठल्या कप्प्यात टाकाल? १९२७ मध्ये तो कॉटन क्लबमध्ये लागला, जिथे वाजवणारे काळे आणि ऐकणारे फक्त गोरे. १९६२ मध्ये तोच माणूस कोल्ट्रेनबरोबर बसून वाजवतो आणि कोणाचंच वय कळत नाही. कोलमन हॉकिन्सही तसाच. वीसच्या दशकात फ्लेचर हेंडरसनकडे होता, १९४४ मध्ये मंकला स्टुडिओत पहिल्यांदा घेऊन गेला तो हाच.

जाता जाता: 'स्विंगचा राजा' बेनी गुडमन, पण त्याच्या बँडची कितीतरी गाजलेली अरेंजमेंट्स या फ्लेचर हेंडरसनची. हेंडरसनचा स्वतःचा बँड तोवर डबघाईला आला होता. राजा कोण, हे कोणी ठरवलं ते सांगायला नको. गुडमनने टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टनला आपल्या शेजारी उघड मंचावर बसवलं, हेही त्याच्या खात्यावर लिहायला हवं.

नावात_काय (७:३०)

फ्यूजनबद्दल कोणीच नाही? 'शक्ती' (झाकिर हुसेन आणि जॉन मॅक्लॉफलिनचा बँड) तर घरचं कार्य. आणि त्रिलोक गुर्टू म्हणजे शोभाताई गुर्टूंचा मुलगा. ठुमरीच्या घरातला पोरगा ड्रमसेट जमिनीवर मांडून वाजवतो.

पोह्यांवर_लिंबू (७:३२)

नवा धागा काढा, इथे अजून बीबॉपच पचतोय.

विलंबित (पुढचा शनिवार, रात्री १०:१५)

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा आहे.

'चेरोकी' चार दिवस गुणगुणलो. अंघोळीला, रिक्षात, बँकेच्या रांगेत. बुधवारी रात्री 'कोको' लावलं आणि मनात 'चेरोकी' धरून ठेवलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा पार्कर कुठल्या कुठे गेला आणि आम्ही दोघं एकाच ठिकाणी उतरलो. तो दमला नव्हता, मला मात्र घाम फुटला होता.

'सो व्हॉट' कन्येबरोबर ऐकलं. मी म्हटलं, आता षड्ज चढेल बघ. ती म्हणाली, 'बाबा, ब्रिज म्हणतात त्याला.' मग तिने वाद्य काढून तेच आठ बार वाजवले, खालून वर, वरून खाली. चार चुका केल्या. मला सगळ्या ऐकू आल्या. एवढ्यात सुधारलोय मी, ती नाही.

क्रमाने ऐकायचा बेत सोडला. पायऱ्यांचं विधान मागे घेतो. सध्या आर्मस्ट्राँगवरून थेट मंक, तिथून उलटं लेस्टर यंगकडे, अशा उड्या चालू आहेत. लेस्टर यंग आणि हॉकिन्स पाठोपाठ ऐकून बघा, वाद्य तेच, टेनर सॅक्सोफोन. हॉकिन्स भरदार, लेस्टर दाराआडून बोलल्यासारखा.

कोल्ट्रेनचं १९६५ चं 'असेन्शन' मात्र नाही जमलं. अकरा माणसं एकदम. सम सापडली तर कळवा.

ठेकेदार (१०:२२)

तिथे सम नाही. शोधू नका. आणि लावण्याआधी दुसऱ्या-चौथ्या मजल्यावर सांगून या.